वाकलं की पडत नाही

त्या खेळातला बोकड आधी नुसता बघतो. चरत नाही, ओरडत नाही. बर्फाच्या डोंगरावर एका चौकोनी दगडावर चारही पाय जुळवून उभा राहतो आणि तुमच्याकडे बघत बसतो. मग हळूच मुंडी खाली घालतो. मुंडी खाली गेली की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. तो धावत येतो, धडक देतो आणि पडद्यावरचं तुमचं माणूस उडून दरीत पडतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चुलीपुढे बसले होते. नागलीच्या पिठाचा गोळा हातातच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली.

माझी मुलगी मात्र खदखदून हसत होती. ‘मेले मी,’ असं म्हणाली, पडद्यावर बोट टेकवलं आणि आपल्या बिछान्यात पुन्हा जिवंत होऊन उठली. तेव्हा ती तिसरीत होती.

मोबाइल तिच्या बापाचा. माझा नवरा भात झोडून झालं की वसईकडे इमारतींच्या कामावर जातो, तो पाऊस लागायच्या आधी परत येतो. त्या वर्षी जाताना त्यानं जुना, काच तडकलेला मोबाइल घरी ठेवला. त्यात कामावरच्या कुणी जोडीदारानं हा ठोकळ्यांचा खेळ टाकून दिला होता. ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे, घर बांधायचं, जनावरं पाळायची. नवरा म्हणाला, पोर रमेल. पोर रमली. माझाच जीव त्यात रमेना.

मला शंका काढायची खोड आहे, हे मी आधीच सांगून टाकते. पोर शिंकली तरी मला ताप दिसतो. आमचा पाडा पोशेऱ्याच्या बाजूला डोंगरावर आहे. घरं संपली की नागली-वरईची उतरती शेतं, त्यांच्या वर उघडा माळ, आणि माळ जिथे संपतो तिथे कडा. कुंपण नाही, दगडाची रांग नाही, काही नाही. गवत आहे, आहे, आहे आणि मग नाही. पाड्यातली पोरं, गुरं, शेळ्या सगळी तिथेच असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. त्या बाजूला गेले की माझे गुडघे लटपटतात. माझी जाऊ चिडवते, की ही जव्हारच्या डांबरी रस्त्यावर चालून आलेली, हिचे पाय नाजूक. मी बारावीपर्यंत शिकले, ते पण तिला माझ्या भित्रेपणाचंच कारण वाटतं. मी हसते आणि विषय सोडून देते.

तर हा खेळ पोरीला काय शिकवतोय ते बघावं म्हणून मी रोज संध्याकाळी भाकरी झाल्या की तिच्याजवळ बसू लागले. ती माझी मास्तरीण झाली. त्या खेळात डोंगरावरच्या शेळ्या फार उंच उड्या मारतात, आपल्या शेळ्या मारतात त्याच्या कितीतरी पट. कड्यावरून खाली पडल्या तरी त्यांना फारसं लागत नाही, अंग झाडून चालायला लागतात. गहू दाखवला की मागे मागे येतात. बादली लावली की दूध देतात, कधीही, कितीही. हे ऐकून माझे सासरे म्हणाले, मग करडं काय पितात? पण धडक द्यायला आलेला बोकड चुकून दगडावर आपटला तर त्याचं शिंग मोडून पडतं आणि ते शिंग आपल्याला फुंकून वाजवता येतं, हे ऐकल्यावर सासरे जरा सरकून बसले. तो आवाज त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतला.

दोन गोष्टी मात्र तिनं मला अगदी घोकून सांगितल्या. पहिली ही, की खेळातला बोकड थांबलेल्या माणसालाच मारतो. चालत राहिलं, इकडेतिकडे करत राहिलं, तर त्याचा नेम लागत नाही. एका जागी उभं राहिलात की त्यानं मुंडी खाली घातलीच म्हणून समजा. दुसरी गोष्ट, कड्याजवळ गेलं की वाकायचं. वाकायचं एक बटण आहे. ते दाबून धरलं की तुमचं माणूस गुडघ्यात वाकून हळूहळू सरकतं, आणि मग काही केलं तरी कड्यावरून पडत नाही. अर्धं अंग बाहेर लोंबलं तरी पडत नाही.

“वाकलं की पडत नाही, आये,” ती म्हणाली. मी तिला तीनदा विचारलं, खरंच नाही? तिनं मला करून दाखवलं. तिचं चौकोनी माणूस ढगांच्या वर, कड्याच्या टोकाला वाकून लोंबत होतं, आणि मी चुलीपुढे बसल्या बसल्या मागे सरकले.

सासऱ्यांनी मात्र त्या बोकडाला नापास केलं. त्यांचा सगळा जन्म शेळ्यांमागे गेलेला. ते म्हणाले, खरा बोकड उभ्या माणसाला कशाला मारेल? उभा माणूस त्याला झाड वाटतो. “बोकडापुढं मुंडी खाली घालू नको, बाय. मुंडी घातली की त्याला वाटतं, तूच त्याला लढायला बोलवतेस.” पोरीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, खेळात तसं नाय. मग दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहून जेवायला बसली. मी एकटीच त्या बोलण्यावर विचार करत राहिले.

कारण आमच्याकडे खरा बोकड होता. आदल्या वर्षी पोरीचा ताप काही केल्या उतरेना तेव्हा सासूबाईंनी देवाला बोकड बोलला होता. ताप उतरला, आणि त्याच आठवड्यात व्यायलेल्या शेळीचं एक काळं करडू देवाच्या नावानं राखलं. देवाच्या जनावरावर काठी उगारायची नाही, त्याला दाव्याला बांधायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते घरभर हिंडायचं, नागलीच्या सुपात तोंड घालायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. आणि पाड्यातला जो तो येता-जाता त्याच्या कपाळाला तळहात लावून त्याला मागे ढकलायचा. ते मागे सरायचं, मागच्या दोन पायांवर उभं राहायचं आणि इवलंसं डोकं तळहातावर आपटायचं. सगळे हसायचे. पोरीचा तर तो रोजचा खेळ. करडाला कपाळावर ढकलायला शिकवलं की मोठेपणी ते काय करतं, हे शेळ्यांत जन्म काढलेल्या माणसांना ठाऊक नसतं असं नाही. पण देवाचा बोकड फार मोठा व्हायच्या आधीच देवाला जातो, म्हणून कुणी तेवढा विचार केला नाही. आमचा नवस फेडायचा राहिला. नवऱ्याच्या हातात पैसे आले की करू म्हणता म्हणता बोकड वाढला, शिंगं मागे वळली, अंगाला उग्र वास येऊ लागला आणि मान माझ्या मांडीएवढी झाली.

नवरा कामावर गेल्याला महिना-दीड महिना झाल्यावर एक दिवस मी पोरीला विहिरीवर पाहिलं. आमच्या विहिरीला कठडा नाही. पोर काठाशी आली, गुडघ्यात वाकली, आणि काठाकाठानं सरकत पलीकडे गेली. तोंडावर भीतीचं नाव नाही. उलट एवढी खुशाल, जशी ओटीवर बसलीय. मी हातातली कळशी टाकली आणि तिला दंडाला धरून मागे ओढली. हे काय करत होतीस म्हणून ओरडले. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. तिला कळेचना की तिचं चुकलं काय.

तिला समोर बसवून मी समजावलं. ती म्हणाली, मला माहीत आहे ग, तो खेळ आहे, मी काय बारकी आहे का. आणि ती खरं बोलत होती. तिला कळत होतं. पण तिच्या पायांना कळत नव्हतं. काठ दिसला की तिचे गुडघे आपोआप वाकत आणि वाकले की तिच्या मनातली भीती जाई. त्यानंतर मी तिच्या मागे मागे राहू लागले. शेताचा बांध, ओढ्यावरची दरड, शाळेच्या वाटेवरचा तुटका साकव. जिथे जिथे काठ, तिथे ती वाकलेली. रात्री मला झोप लागेना. मोबाइल लपवून ठेवला, त्यानं काही फरक पडला नाही, कारण वाकणं मोबाइलमध्ये राहिलंच नव्हतं.

मग तो दिवस आला. नागली कापून झाली होती, शाळेला सुट्टी होती. सासऱ्यांचा गुडघा धरला होता म्हणून शेळ्या घेऊन पोर गेली होती, आणि मला सांगितलं होतं की जाऊही सोबत आहे. जाऊ सोबत नव्हती. ती निम्म्या वाटेवरून गवताचा भारा घेऊन परतली होती. मी वरच्या रानातून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन माळावर उतरले आणि मला पोर दिसली.

ती कड्याच्या अगदी टोकाला होती. वाकलेली. एक हात वाळलेल्या गवताला धरलेला, मान पुढे, खाली बघत तोंडानं हळूहळू चुचकारत होती. एक करडू खालच्या कपारीवर उतरलं होतं, त्याला ती वर बोलवत होती. दिवाळीनंतर आमच्याकडचं गवत वाळून गुळगुळीत होतं. चप्पल घालून त्यावर चाललं तर पाय राहत नाही, आणि तिच्या पायात बापानं पाठवलेली नवी चप्पल होती.

बोकड तिच्या मागे होता. फार लांब नाही. तो चरत होता, मग त्यानं मान वर केली. त्याला तिची वाकलेली पाठ आणि खाली गेलेलं डोकं दिसलं. तो बघत राहिला. तोंडातलं गवत चावायचा थांबला. मला ते बघणं ओळखीचं होतं, मी ते रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून पाहिलं होतं. फक्त इथे उलटं होतं. खेळात ती वाकली की वाचायची. इथे ती वाकली होती म्हणूनच तो बघत होता.

मी ओरडणार होते. आवाज गळ्यापर्यंत आला आणि मी तो गिळला. ओरडले असते तर ती दचकून उठली असती, नव्या चपलेत, त्या गवतावर. दगड मारावा तर बोकड उधळून तिच्याच अंगावर जाणार. धावावं तर तेवढा वेळ नव्हता, कारण तो दोन पावलं मागे सरला. बोकड मागे सरतो ते पळायला नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझे गुडघे इतके कापत होते की डोक्यावरची मोळी वाजत होती. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नाही, आणि पुन्हा कधी वाटू नये.

मोळी मी कशी खाली ठेवली ते आठवत नाही. टाकली नाही, एवढं नक्की, कारण आवाज झाला नाही. मी माळाच्या आतल्या बाजूनं चार पावलं पुढे गेले, त्याला दिसेन अशी, आणि खाली बसले. दोन्ही हात जमिनीवर टेकले. मुंडी खाली घातली. मग एक तळहात उचलून त्याच्यासमोर धरला, सगळे त्याच्यासमोर धरायचे तसा, आणि जिभेनं टक् टक् केलं. तो आवाज ऐकून करडू असताना तो कुठूनही धावत यायचा.

त्यानं कान वळवले. मग मान वळवली. एकदा पोरीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. त्या वेळी मी देवाला काय म्हटलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता लिहिते. मी म्हटलं, तुझा आहे ना हा, मग इकडे पाठव.

तो आला. मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून फक्त खुरांचा आवाज ऐकला. धडक खांद्याला लागली. काहीतरी आत मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानात ऐकू आला आणि मी मागच्या मागे कोलमडले. तो पुन्हा मागे सरला, पण मी उताणी पडलेली पाहून त्याचं मन उडालं असावं. नाक वर करून ओठ मुडपला आणि निघून गेला.

आवाजानं पोर वळली होती. ती उठायला लागली तशी मी म्हटलं, “उठू नको. बसून ये. सरपटत ये.” माझा आवाज इतका शांत होता की मलाच नवल वाटलं. ती सरपटत आली. कड्यापासून लांब आल्यावर उभी राहिली, फ्रॉक झाडला, माझ्याकडे पाहिलं आणि मला अगदी मास्तरणीसारखं समजावलं.

“तू एका जागी थांबलीस ना, आये, म्हणून मारलं त्यानं. हलत राहायचं असतं.”

मला तिच्या थोबाडीत द्यायची होती. हात वर होईना. मग मी रडले, आणि मला रडताना पाहून तीही रडली, पण तिला वाटलं मी दुखतंय म्हणून रडते. तिच्या मागे काय उभं होतं हे तिला कळलंच नव्हतं. करडू मात्र आपलं आपण कपारीवरून वर येऊन आमच्याशेजारी पाला खात होतं.

मोखाड्याला दवाखान्यात फोटो काढला, खांद्याजवळचं हाड तडकलं होतं. हात गळ्यात बांधून दिला. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी बोकडाला दाव्यानं बांधलं. सासूबाई देवापुढे जाऊन बराच वेळ बसून आल्या. मी पोरीला खरं काय ते सांगितलं, सगळं, तू वाकली होतीस म्हणून तो तुझ्यावर येणार होता, हे सुद्धा. तिनं मान हलवली. दुसऱ्याच दिवशी मी तिला विहिरीवर पाहिलं. काठाशी वाकून, खुशाल, पाण्यातला बेडूक बघत होती.

सांगून तिच्या पायांना काही कळणार नव्हतं. हात गळ्यात असतानाच एका सकाळी मी तिला घेऊन माळावर गेले. घरामागे एक मोठा लाल भोपळा बुडाशी नासला होता, तो तिला उचलायला लावला. कड्यापासून लांब असतानाच मी खाली बसले, तिलाही पोटावर झोपायला लावलं, आणि दोघी सरकत पुढे गेलो. तिचा घोटा मी चांगल्या हातानं इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे वळ उठले. मी तिला सांगितलं, ढकल.

तिनं भोपळा ढकलला. तो गेला. ती वाट बघत राहिली. तिच्या खेळात खाली पडलेली वस्तू खाली तशीच पडून राहते, मग जाऊन उचलायची असते. आवाज बऱ्याच वेळानं आला, आणि आला तो बारीक, लांबून कुणी टाळी वाजवल्यासारखा. भोपळ्याचं जे झालं ते तिनं नीट पाहिलं. मी पाहिलं नाही. मी फक्त तिचा घोटा बघत होते.

“हा परत नाय उठणार,” ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही उठणार. मग आम्ही सरकत मागे आलो, आणि बरंच मागे आल्यावर ती उभी राहायला लागली तर तिला उभं राहता येईना. पाय लटलट कापत होते. तिनं दोन्ही हातांनी आपले गुडघे दाबून धरले, तरी ते थांबेनात. ती घाबरून आपल्याच पायांकडे बघत राहिली. हेच मला हवं होतं. यासाठीच मी तिला आणलं होतं. आणि ते कापणारे बारीक पाय पाहून मला वाटलं की हिच्याकडे जे नव्हतं ते मी आज हिच्या अंगात घातलं, ते आता कधी निघणार नाही.

तिनं वर पाहिलं. मी उठून उभी राहिले होते आणि माझे पायही कापत होते. लपवायला लुगडं पुरेना.

“आये, तुझे पण असे होतात?”

मी हो म्हटलं.

“कधीपासून?”

घरात सगळ्यांना वाटतं ही भीती मी जव्हारहून येताना सोबत आणली. तसं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी याच माळावरून, याच कडेकडेनं, डोक्यावर दोन हंडे घेऊन जावेशी गप्पा मारत चालायचे आणि खाली दरी आहे हे माझ्या ध्यानातही नसायचं.

“तू झालीस तेव्हापासून,” मी म्हटलं.

ती उठली, माझ्याभोवती फिरून कड्याकडच्या बाजूला आली, माझा चांगला हात धरला आणि मला आतल्या बाजूला ठेवून घराकडे चालू लागली. दोन पावलं मी तिला तसं चालू दिलं. मग तिला ओढून पुन्हा आतल्या बाजूला घेतलं.